नई सडकेवरचं विलायती तेल

लश्कर, ग्वाल्हेर
२० नोव्हेंबर १९५६

दिनकरभावोजी, आशीर्वाद.

भोपाळला पोचल्याचं साधं कार्डसुद्धा टाकू नये माणसानं? तुमची खुशाली मला मोटर अड्ड्यावरच्या दौलतसिंहाकडून काढावी लागते. सख्ख्या दिराची चौकशी परक्याकडे! "क्यों भैया, हमारे देवरजी ठीक हैं?" तो बिचारा मान खाली घालून "ठीक हैं भाभीजी" म्हणतो आणि बस पुढे काढतो. पुढे म्हणजे कुठे, तर छावणीकडच्या अमेरिकन पंपावर. आमच्या पंपावरून जाताना हल्ली तो नाकासमोर बघतो. आमच्याकडे नुसतं पाहिलं तरी त्याच्या टाकीत इंग्रज शिरेल, अशी भीती वाटते की काय देव जाणे.

मी लिहितेय हे ह्यांना ठाऊक नाही. ठाऊक झालं तर म्हणतील, कशाला त्याच्या पाया पडतेस. तर मी पाया पडत नाही. मी तुमच्यापेक्षा मोठी आहे, कान धरायचा माझा अधिकार आहे.

तुम्ही म्हणाल, वहिनी, मी कामासाठी आलो. मध्यभारत बुडाला, राजधानी भोपाळला गेली, साहेबलोकांची बिऱ्हाडं पोचवायला टॅक्सी लागते. अहो पण बाकीचे टॅक्सीवाले बिऱ्हाडं पोचवून परत आले ना! तुम्हीच तेवढे तिकडच्या तलावात काय शोधताय?

दिवाळीच्या त्या दिवसाचं तुम्हाला तुमच्याच बाजूचं आठवत असणार, म्हणून माझ्या बाजूचं लिहिते. कचेऱ्यांवरच्या 'मध्यभारत'च्या पाट्या उतरत होत्या, सगळ्या लश्करात सुतक असल्यासारखं झालं होतं. त्यातच वर्तमानपत्रात बातमी, इंग्रजांनी इजिप्तवर विमानातून बॉम्ब टाकले. तुम्ही अड्ड्यावर ती बातमी मोठ्यानं वाचलीत. तिथवर ठीक. राग कुणाला आला नाही? मलाही आला. पण तुम्ही काय केलंत, अड्ड्यावरच्या महादेवाच्या पिंडीवरचा बेल उचललात, गाडीत काचेपाशी ठेवलेली जेजुरीच्या भंडाऱ्याची पुडी काढलीत आणि सगळ्या ड्रायव्हरांसमोर बेलभंडारा उचलून शपथ घेतलीत, की ज्या पंपावर इंग्रज कंपनीची पाटी आहे त्याचं थेंबभर तेल माझ्या गाडीत जाणार नाही. आणि नई सडकेवर इंग्रज कंपनीची पाटी कुणाच्या पंपावर? तुमच्या दादांच्या!

अहो, भांडायचं होतं तर भांडायचं. चार दिवस तेल नसतं घेतलं. पण आपल्या घरात बेलभंडारा म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगावं? मामंजींनी आयुष्यात एकदाच उचलला होता, दारू सोडताना. मरेस्तोवर शिवले नाहीत.

रात्री जेवताना हे तुम्हाला शांतपणे समजावत होते. "दिनकर, तेल इराण-अरबस्तानच्या वाळूतलं. जहाज कुठलं मला माहीत नाही. साफ होतं आपल्या मुंबईत. वॅगन आपल्या सरकारची. आणि पंपाला उभा मी. आता सांग, ह्यात इंग्रज किती?"

तुम्ही म्हणालात, "पाटीएवढा. आणि पाटी वर असते, दादा."

इथे थांबला असतात तर मी तुमच्याच बाजूनं बोलले असते, खरंच सांगते. मला ते उत्तर आवडलं होतं. पण तुमची जीभ थांबली तर ना. "तुम्ही लढाईत ब्रह्मदेशात इंग्रजासाठी लढलात आणि अजून त्याचीच शिपाईगिरी करताय." असं म्हणालात. वडील भावाला. ज्याचा ब्रह्मदेशातून आणलेला ताप अजून दर थंडीत उलटतो त्याला.

हे ताटावरून उठलेही नाहीत. पूर्ण जेवले, ताक प्याले, हात धुतले. मला त्याचंच भय वाटलं. रागानं ताट सरकवलं असतं तर मी समजूत घातली असती.

सकाळी तुम्ही गेला होतात. तुमचा फराळाचा डबा तसाच फळीवर होता.

भावोजी, मला काय आठवतं सांगू? संस्थानाची फौज विलीन झाली आणि तुम्ही दोघं भाऊ एकदमच घरी बसलात ते दिवस. ह्यांची सुभेदारी गेली, तुमची फौजेतली मोटर गेली. वर्दीच्या ट्रंका माळ्यावर चढवल्या. खासगी बाजारातून जाताना लोक अजून "सूबेदार साहब" म्हणायचे आणि हे मान वळवायचे. मग हा पंप मिळाला. तेव्हा तो हातानं चालायचा, वर काचेचे दोन हंडे होते. दांडा फिरवला की एका हंड्यात पेट्रोल चढायचं, ते खाली सोडलं की दुसरा भरायचा. तुम्ही दांडा फिरवायचात आणि हे नळी धरायचे. सरदारांच्या मोठाल्या गाड्या यायच्या, त्यांचे ड्रायव्हर तुमच्याशी पैज लावायचे, दिनकरराव, हंडा लवकर भरतो की विडी लवकर संपते! आणि हे ओरडायचे, विडी लांब! तुमच्या दोघांच्या कपड्यांचा तो वास धुऊन जायचा नाही. मी नाक मुरडायची. आता ह्यांच्या एकट्याच्या सदऱ्याला तो वास येतो, आणि मला रडू येतं.

या आता. पंपाची काळजी करू नका, धंदा बरा आहे. घरी या म्हणून लिहिलंय.

तुमची वहिनी
सुलोचना


२४ डिसेंबर १९५६

भावोजी,

इंग्रजाची फौज इजिप्त सोडून गेली. ह्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि म्हणाले, "इंग्रज गेला. दिनकर नाही आला." तुमचं नाव महिन्याभरानं ह्यांच्या तोंडून निघालं, म्हणून लगेच लिहायला बसले.

मागच्या पत्रात मी थाप मारली होती. धंदा बरा नाही. धंदा नाहीच. एकही बस, एकही टॅक्सी पंपावर येत नाही. येतात कोण, तर तीन-चार जुन्या सरदार घराण्यांच्या गाड्या, त्याही आता विकायला निघाल्यात, आणि एक डॉक्टर. बाकी सगळ्या अड्ड्यानं तुमच्यामागोमाग पंप सोडला. तुम्ही बेल उचलून गेलात भोपाळला आणि ते इथे तुमची शपथ वाहताहेत! मी दौलतसिंहाला विचारलं, "अरे, लढाई तर संपली ना?" तर म्हणतो, "भाभीजी, दिनकर भैया ने बेल उठाया है। वो आकर कह दें, तो हम कल से आ जाएँ।"

म्हणजे तिढा तुमच्यापाशी आहे. आलं ध्यानात?

कंपनीचा माणूस आला होता, टाय लावून. पंपाभोवती फिरला, टाकीत काठी घालून बघितलं, मग ह्यांना म्हणाला, विक्री अशीच राहिली तर मार्चअखेर पंप दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल. ह्यांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "द्या." बस. एवढंच. मला तर वाटलं मधे पडून ओरडावं. माणसानं थोडं तरी घिघियावं, गयावया करावी की नाही! पण नाही. सुभेदार ना आम्ही.

तो गेल्यावर मी म्हटलं, "दिनकरभावोजींना बोलावून घ्या. एकदा येऊन सगळ्यांसमोर तेल भरलं की अड्डा परत येईल." तर हे माझ्यावरच उखडले. "त्यानं बेलभंडारा उचललाय. बायकांना काय वाटतं, भाजी आणायची पिशवी आहे, उचलली नि ठेवली?"

तुम्ही दोघं एकाच मातीचे. एकानं शपथ घ्यायची, दुसऱ्यानं त्या शपथेखाली चिरडून मरायचं, आणि दोघांनाही त्यात मर्दुमकी वाटते.

थंडी फार पडलीय. मेळा लागलाय. दरवर्षी तुम्ही मला तुमच्या गाडीतून मेळ्यात न्यायचात, हे कधी यायचे नाहीत, गर्दी आवडत नाही म्हणून. मी पुढच्या सीटवर बसायची आणि सगळ्या आळीच्या बायका बघायच्या. यंदा टांग्यानं गेले. तिळाची गजक घेतली, खाल्ली नाही. डब्यात ठेवलीय.

ह्यांना ताप आहे. नेहमीचाच. घाबरू नका, पण लाज वाटू द्या.

सुलोचना


१५ जानेवारी १९५७

भावोजी, तिळगूळ घ्या, गोड बोला. (तुम्हाला म्हणून हे मुद्दाम लिहिलंय.)

काल हळदीकुंकवाला मजाच झाली. सराफ्याजवळ वनमालाबाईंकडे गेले, तर माझ्या शेजारी कोण बसावं? छावणीच्या पंपवाल्या भालचंद्ररावांच्या शालिनीताई! आमचं सगळं गिऱ्हाईक ज्यांच्याकडे गेलं, त्याच. सगळ्या बायका आमच्याकडे टकामका बघतायत, की आता ह्या दोघी वाणाच्या वाट्या एकमेकींच्या डोक्यात घालतात की काय.

शालिनीताईंनीच आधी तोंड उघडलं. म्हणाल्या, "सुलोचनाबाई, मला मेलीला झोप लागत नाही हो. तुमच्या घरातलं ओढून आणल्यासारखं वाटतं."

मी म्हटलं, "तुम्ही कुठे ओढलंत? आमच्याच दिरानं ढकललं."

मग मी त्यांना विचारलंच. म्हटलं, तुमचं तेल कुठलं हो? त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणतात अमेरिकेचं. मी म्हटलं, अमेरिकेहून इथे मोटरीत घालायला तेल आणतात? तेव्हा डोकं खाजवत म्हणाले, कंपनी अमेरिकेची, तेल अरबांचंच असावं." आणि माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "आपल्या देशातलं तेल निघतं ते आसामात म्हणे. ते इथवर येतच नाही. मग आपण काय करायचं? बैलगाडी?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की राजलक्ष्मीकाकूंनी डोळे वटारले.

घरी आल्यावर मात्र हसू गेलं. मी विचार करत बसले. भावोजी, मला वाटतं तुमचं अगदीच चूक नव्हतं. तुमच्या दादांचंही नव्हतं. तेल कुणाचं हे विचारावंच माणसानं. माझ्या आईनं विलायती लुगडी होळीत टाकली होती, तीही फाटकी-विरलेली नाहीत, चांगली नेसती. ती काही वेडी नव्हती. पण तिनं स्वतःची टाकली. शेजारणीच्या दोरीवरची ओढून नाही टाकली. तुम्ही बेल उचललात आणि ढिगात टाकला तो तुमच्या भावाचा संसार. इतका फरक आहे, दुसरं काही नाही.

आणि तुमच्या इंग्रजाला काय झालं हो? त्याच्या एका केसाला तरी धक्का लागला का? लंडनात कुणाला कळलंसुद्धा नसेल की ग्वाल्हेरच्या दिनकररावांनी आपलं तेल टाकलंय. कळलं फक्त नई सडकेवर, एका माणसाला.

तेलही गेलं आणि तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, असं आम्ही म्हणतो ना, ते तुमच्या घराचं झालंय.

माझं म्हणणं सरळ लिहिते, आडपडदा नको. पाडव्याला या. चारचौघांत पंपावर गाडी उभी करा आणि तेल भरून घ्या. अड्डा मोकळा होईल, पंप वाचेल. शपथ मोडल्याचं जे काही पाप लागायचं ते माझ्या माथी. मी खंडोबाला तसं बोलून ठेवलंय. तो माझं ऐकेल, मी त्याच्या घरची सून आहे. तुम्ही नऊ वर्षांचे होतात तेव्हापासून तुमची पापं मीच झाकत आलेय, कैऱ्या चोरण्यापासून. आणखी एक झाकीन.

आणि ते शिपाईगिरीचं जे बोललात, त्याला मात्र माफी मागायला लागेल. ती माझ्या हातात नाही.

सुलोचना


६ मार्च १९५७

भावोजी,

तुमचं कार्ड आलं. इतके महिने वाट बघायला लावून दोनच ओळी! "वहिनी, पाडव्याला येतो. टाकी रिकामी ठेवून येतो, दादांच्या हातानं भरून घेईन. शपथेचं माझं मी बघीन, तुमच्या माथी काही नको." तीनदा वाचलं. मग देवापाशी ठेवलं. मग पुन्हा काढून वाचलं.

शपथेचं तुम्ही बघाल तर बघा. मी आपलं खंडोबाला सांगून ठेवलेलं परत घेणार नाही.

ह्यांना अजून सांगितलं नाही. सांगितलं तर काहीतरी खुसपट काढतील. पाडव्याला पंपावर गुढी उभारायला मी जातेच, तेव्हा तिथेच असेन. तुम्ही यायचं, हॉर्न द्यायचा आणि म्हणायचं, दादा, भरा. बाकी काही भाषण नको. तुमच्या भाषणांनी आपलं पुष्कळ भलं केलंय.

निवडणुकीच्या जीपगाड्या रात्रंदिवस फिरतायत, सगळ्या पंपांवर गर्दी, आमच्याकडे नाही. त्यांचे ड्रायव्हरही अड्ड्यावरचेच ना. हे खुर्ची टाकून बसतात आणि जाणाऱ्या गाड्यांचे टायर बघतात. परवा म्हणाले, "त्या दौलतसिंहाचं मागचं डावं चाक डगमगतंय. कुणीतरी सांगायला हवं त्याला." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. म्हणाले, "तो थांबतो कुठे?"

कंपनीच्या माणसाचं पत्र आलंय. एप्रिलमध्ये येतो म्हणाला, तेव्हा काय ते ठरेल.

पुरणपोळी करते. कटाची आमटीही. गजक संपली, मीच खाल्ली.

सुलोचना


८ एप्रिल १९५७

भावोजी,

तुम्हाला वाटलं असेल वहिनीनं आपलं तोंडही पाहिलं नाही. वाढलं, पण बोलली नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी निघालात तेव्हाही स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. खरं आहे. मी फार रागावले होते. तुमच्यावर नाही, ह्यांच्यावर. पण माझ्या रागाला त्या दिवशी दिशा नव्हती, जो समोर येईल त्याच्यावर जात होता.

तुम्ही सगळं सांगितल्यासारखं केलंत. ठरल्या वेळी गाडी आली. अड्ड्यावरचे सगळे पाडव्याच्या पूजेसाठी बसगाड्या धुऊन हार घालून उभे होते, तेही बघायला सडकेवर आले. कुणी त्याच दिवशी निघालेल्या नव्या पैशांची चर्चा करत होता, तोही वळून बघायला लागला. तुम्ही खाली उतरलात, दादांच्या पाया पडलात. ते पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हटलं झालं, सुटलं सगळं. तुम्ही म्हणालात, "दादा, टाकी रिकामी आहे. भरा."

आणि हे काय म्हणाले! "ह्या गाडीत मी हे तेल भरणार नाही."

"दादा, मी सांगतोय ना भरा."

"आता सांगतोयस. बेल उचलताना मला विचारलं होतंस?"

"चुकलो, दादा. जे बोललो ते चुकलो."

"ते बोलणं माफ. पण बेल उचललेला चुकत नाही. बस गाडीत. ब्रेक सोड."

मी खांबाशी उभी होते. मला वाटलं ह्या माणसाचं डोकं फिरलं. मार्चअखेर उलटून गेलीय, अख्खा अड्डा समोर उभा आहे, एक नळी टाकीत घालायची आहे फक्त! आणि हे सदऱ्याच्या बाह्या वर करून गाडीच्या मागे गेले आणि ढकलायला लागले. स्वतःच्या पंपावरून पुढे. छावणीच्या पंपाकडे. पाडव्याच्या दिवशी, सगळ्या लश्करासमोर.

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुम्ही स्टिअरिंगला होतात आणि तुमच्याच्यानं मागे वळून बघवत नव्हतं. मी बघितलं. मी पदर खोचून मागून चालत होते, तोंडानं पुटपुटत. काय पुटपुटत होते ते लिहीत नाही.

थोडा चढ लागला तिथे गाडी अडली. ह्यांनी खांदा लावला. टोपी पडली, उचलली नाही. तेव्हा दौलतसिंह धावत आला आणि हात लावायला लागला. हे म्हणाले, "तू मेरा तेल नहीं लेता, तो मैं तेरा हाथ क्यों लूँ?" त्यानं हात मागे घेतला. मग रडकुंडीला येऊन म्हणाला, "सूबेदार साहब, बेल तो दिनकर भैया ने उठाया था। हमने तो बस देखा था।"

हे म्हणाले, "तो ठीक से देखा ना? अब धकेल।"

मग तो ढकलायला लागला. मग दुसरा आला, मग आणखी कुणीकुणी. मानसिंगराव, तो एवढा पोट सुटलेला, तोही. तुम्हाला वाटलं असेल चढ संपला. चढ संपला नव्हता, भावोजी. मागे अर्धा अड्डा होता. आणि हे सगळ्यांच्या मधे, घामानं भिजलेले, आणि हसत होते. मी लग्न होऊन आल्यापासून ह्या माणसाला असं हसताना एकदाच बघितलंय, तुम्हाला फौजेत मोटर चालवायला मिळाली तेव्हा.

भालचंद्रराव तर बिचारे पंपाबाहेर येऊन हात जोडूनच उभे राहिले. हे म्हणाले, "माझ्या भावाची टाकी भरा. काठोकाठ." ते तुम्ही ऐकलंत.

घरी आल्यावर मी भांडले. तुम्ही अंघोळीला गेला होतात. मी म्हटलं, गेला की नाही पंप हातचा? आता समाधान झालं? हे पाटावर बसून खांदा चोळत होते. म्हणाले, "सुलोचना, चार माणसांत त्यानं बेलभंडारा उचलला. माझ्या दुकानासाठी त्यानं तो खाली ठेवला असता, तर त्या माणसांत तो पुन्हा ताठ उभा राहिला नसता. पंप गेला तर मी दुसरा धंदा करीन. दिनकर दुसरा कुठून आणू?"

मी दाराआड गेले ती त्यानंतर. तुमच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून बोलले नाही. एवढंच.

आता पुढचं. तुम्ही निघालात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतसिंहाची बस आमच्या पंपावर उभी. हे खुर्चीवरून उठले नाहीत. म्हणाले, "अंग्रेज का तेल है। मालूम है ना?" तो म्हणाला, "मालूम है साहब। कसम हमारी नहीं थी। भरिए।" हे म्हणाले, "पहले वो पीछे का बायाँ पहिया दिखा।" चाक बघून झाल्यावर तेल भरलं. दुपारपर्यंत आणखी गाड्या आल्या. सगळ्या नाही. काही जण अजून छावणीलाच जातात, म्हणतात आम्हाला पाटी खुपते. हे म्हणाले, "जाऊ दे, त्यांना विचार करता येतो हे बरं आहे." कंपनीचा माणूस परवा येऊन गेला, पुन्हा काठी घालून बघितलं आणि पंप दुसऱ्याला द्यायचा विषय न काढता चहा पिऊन गेला. पंप राहील असं वाटतं.

ह्यांच्या खांद्याला मी रोज ओवा घालून तेल कढवून लावतेय. वैद्य म्हणाले, या वयात मोटरी ढकलायचं काम नाही. म्हणून मी ह्या पत्रात शेवटी लिहिलं होतं, की आंब्याच्या दिवसांत याल तेव्हा येताना टाकी भरून या, ह्यांना आता ढकलणं झेपत नाही. पहिल्यांदाच तुम्हाला लिहिलेलं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. सगळं ऐकलं, तुमच्या माफीच्या ठिकाणी खोकले, आणि शेवटची ओळ आली तशी माझ्या हातातला टाक धरला.

म्हणाले, "ते खोड. रिकामी आण म्हणावं."

तुमची वहिनी
सुलोचना